निळ्या चौकडीचा शर्ट

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो. गेल्या आठवड्यात ती आठवली टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे.

यवतमाळला आमच्या कॉलनीत या मालिकेचे भक्त आहेत. माझी सून, शेजारचे निवृत्त मास्तर, समोरच्या बँकेतल्या बाई. भाग संपला की आमच्या अंगणात सभा भरते. मालिकेत एक खून झाला आहे, आणि खुन्याची ओली छत्री दाराशी सहा भागांपासून पडलेली आहे. पोलीस येतात, तिला ओलांडून आत जातात, पुन्हा ओलांडून बाहेर येतात.

"डोळे आहेत का गारगोट्या?" बँकेतल्या बाई म्हणाल्या.

मास्तरांचं म्हणणं वेगळं. "दोष पोलिसांचा नाही, लेखकाचा आहे. त्याला तपास म्हणजे काय ते ठाऊक नाही. इतका ढळढळीत पुरावा जगातला कुठलाच पोलीस सोडणार नाही."

यावर अर्धा तास जुंपली. शेवटी सून माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा. खरा पोलीस असं करेल का?"

मी म्हणालो, "करेल. मी केलं आहे." आणि चहा अर्धा टाकून उठलो. कारण पुढचं सांगायला बसलो असतो तर आवाज चढला असता. म्हणून इथे लिहितो आहे. नावं कोणाचीच लिहिणार नाही.

मी तेव्हा आर्णी तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणीत दुपारी गावात माणूस सापडत नाही. म्हातारे, कुत्री आणि कोंबड्या, एवढेच मागे. अशा दुपारी एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातली मोठी बाई बैठकीत पडलेली सापडली होती. डोकं उंबऱ्यावर आपटलेलं, शुद्ध नाही, आणि गळ्यातली एकदाणी गायब. ही एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांचा आमच्याकडचा जुना दागिना. बाईंना यवतमाळच्या दवाखान्यात हलवलं आणि मी पंचनाम्याला गेलो.

हलवण्याआधी बाईंच्या मुठीतून कापडाचा तुकडा निघाला होता, तो पोलीस पाटलाने जपून ठेवला होता. शर्टाच्या बाहीचा कफ, निळ्या चौकडीचा, बटणासकट. झटापटीत तो फाटून त्यांच्या हातात राहिला होता. दाराला बाहेरून धक्का लागल्याची खूण नव्हती. म्हणजे कडी बाईंनीच आतून काढली. येणारा ओळखीचा होता.

बाईंचा धाकटा दीर तिथेच उभा होता. एकाच वाड्याच्या दोन भागांत दोन भावांची बिऱ्हाडं. त्याने तुकडा पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हा तं आमच्या सालदाराचा शर्ट हाय."

सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेला शेतगडी. वर्षाच्या ठरावाबरोबर त्याला कपड्याचा जोडही द्यावा लागतो. हा शर्ट त्यालाच आदल्या वर्षीच्या दिवाळीला दिलेला. चार गावकऱ्यांना विचारलं, चौघांनीही त्याच्याच अंगावर तो पाहिला होता. सालदाराला विचारलं, दुपारी कुठे होतास? म्हणाला, लाईन आली म्हणून विहिरीवर मोटर सुरू करायला गेलो होतो. कोणी पाहिलं? कोणीच नाही.

झालं. माझ्या डोक्यातला गुन्हा तिथेच उलगडला. आठवडी बाजाराचा दिवस होता. शेतातून परतलेल्या, बाजाराला निघालेल्या सगळ्या गावादेखत मी त्याला जीपमध्ये बसवलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर केलं, तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

राहिला प्रश्न शर्टाचा. फाटक्या बाहीचा शर्ट हातात आला की काम फत्ते. दोन शिपाई त्याच्या घरी झडतीला पाठवले. घर केवढं, दीड खोलीचं. बायकोने स्वतः पेटी उघडून दिली, दोरीवरचे कपडे खाली काढून दिले. शर्ट नाही. शिपाई परत येऊन म्हणाले, "जाळला असन, साहेब."

मी तशी नोंदही केली. पुरावा नष्ट केल्याचा संशय.

कोठडीत मी त्याला विचारलं, "शर्ट कुठंय?"

"माहीत नाही जी."

"तुझाच आहे ना?"

"हो जी. माह्याच हाय."

"मग गेला कुठं?"

"माहीत नाही जी."

निर्दोष माणूस अडकला की बोलतो, खूप बोलतो. हा बोलतच नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीचा माझा ठोकताळा असा, की गप्प बसणारा माणूस काहीतरी झाकतो. ठोकताळा बरोबर होता. तो काय झाकतो आहे, एवढंच मी चुकीचं धरलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला एक थापड मारली. 'मारहाण झाली' असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण ती थापड मारणारा हात माझाच होता, म्हणून तसंच लिहितो.

त्याची बायको रोज डबा घेऊन यायची. पहाटे उठून वेचणी, मग काळीपिवळी जीपने आर्णी, दुपारभर ठाण्याच्या ओट्यावरच्या बाकड्यावर, आणि संध्याकाळी परत. थंडी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला असायचा. येता-जाता ती मला विचारायची, "साहेब, त्यायनं केलं काय?" मी म्हणायचो, "तपास सुरू आहे." शर्टाबद्दल तिच्यापाशी कोणी चकार शब्द काढला नाही. माझाच तसा हुकूम होता. तपासातली गोष्ट आरोपीच्या घरच्यांना सांगायची नाही. हुकूम नियमाला धरून होता आणि त्यानेच आमचा घात केला.

तिसऱ्या दिवशीची दुपार. आमच्या ठाणे अंमलदाराला, म्हणजे डायरी आणि फोन सांभाळणाऱ्या हवालदाराला, अशाच एका रहस्यमालिकेचं वेड होतं. तो, वायरलेसवाला आणि एक होमगार्ड आदल्या रात्रीच्या भागावर तावातावाने भांडत होते.

"काय बे, आंधळे हायेत का थे पोलीस? समोर पडलं हाय, दिसून नाही राह्यलं?"

"अरे, दिसलं तं मालिका संपन ना लेका! त्याह्यचा धंदा कसा चालन?"

"म्या असतो तं पह्यल्याच भागात धरला असता!"

मी आत कागद पाहत होतो. माझं टाळकं सरकलं. इकडे शर्ट मिळत नाही, उद्या कोठडी संपते, आणि यांची सभा! झापायला म्हणून बाहेर आलो. तेवढ्यात ती बाई डबा दिल्याच्या नोंदीवर अंगठा लावायला टेबलाशी आली. तिने पदर सारला आणि हात पुढे केला.

मनगटापर्यंत बंद केलेली बाही. बटण लावलेलं. मळलेली, विटलेली, कापसाचे तंतू चिकटलेली, पण निळ्या चौकडीची.

आमच्याकडे वेचणीला जाणारी प्रत्येक बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालते. बोंडांची टोकं हात ओरबाडतात, म्हणून बाह्या पूर्ण सोडून कफ बंद करते. हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझी आई तशीच जायची. त्या ठाण्यातल्या प्रत्येकाची आई तशीच गेली असेल. म्हणूनच आम्हाला बाई दिसायची आणि तिच्या अंगावरचा शर्ट दिसायचाच नाही. झडतीच्या वेळी तिने पेटी उघडून दिली, तेव्हाही तो तिच्या अंगावरच होता! दोन शिपाई तिच्यासमोर उभे राहून तिच्याच घरात तो शोधत होते.

"दुसरा हात दाखव," मी म्हणालो. तिने दाखवला. दोन्ही कफ जागच्या जागी, शिवण धड.

मी मुद्देमालातून तो तुकडा मागवला. तेच कापड, तसंच बटण.

"बाई, हा शर्ट कोणाचा?"

"घरच्यायचा जी. मागच्या सालच्या दिवाळीले भेटलता. मोठ्या बाईनं एकाच ताग्यातले दोन शिवले. एक यायले, एक धाकट्या मालकाले."

"धाकटे मालक घालतात तो?"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत बोलली. "सालदाराच्या कापडाचा शर्ट थे कायले घालतीन, साहेब? धाकटी बाईच घालते वेचाले."

हे उत्तर तीन दिवसांपासून बाकड्यावर बसून होतं. एकदा विचारलं असतं तर त्या माणसाची एक रात्रही कोठडीत गेली नसती.

महिला शिपाई बरोबर घेऊन मी गावात गेलो. धाकट्या जावेच्या घरात छतापर्यंत कापूस भरला होता. तो उपसला तेव्हा तळाशी शर्ट निघाला, उजव्या बाहीला कफ नसलेला. त्यातच गुंडाळलेली एकदाणी. तिचा नवरा खुळ्यासारखा बघत राहिला. आपल्यालाही तोच शर्ट शिवला होता, हे तो साफ विसरला होता. त्याने एकदाही तो अंगात घातला नव्हता.

तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. "सासू काय एकटीची होती? एकदाणी दोघीयची होती. मांगाले गेलती. थ्यायनं हात धरला, म्या ओढला, अन् थ्या पडल्या. मले वाटलं मेल्या." मग ती रडायला लागली. मोठी बाई पुढे शुद्धीवर आली, वाचली.

सालदाराच्या सुटकेचा अहवाल कोर्टात पाठवला. सोडताना मी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "शर्ट बायकोच्या अंगावर असतो, हे तू बोलला का नाहीस?"

"तुमी थो तुकडा दाखवला ना जी. मोठी बाई तिले दोनदा वाईट बोलली होती. मले वाटलं, तिचाच हात लागला का काय. म्हून गप राह्यलो."

म्हणजे बायको बाहेर बसून त्याच्यासाठी झुरत होती, आणि तो आत बसून तिच्यासाठी मार खात होता. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि माझी गोपनीयता! मी माफी मागितली. तो म्हणाला, "एक काम करान का साहेब? नेलं तसं जीपनं नेऊन सोडा. अन् ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगा, का यानं काही केलं नाही म्हून."

जीपने मी त्याला नेऊन सोडलं. चौकात दहा-बारा माणसं जमली, त्यांना म्हणालो, "याचा संबंध नव्हता." सरपंच भोंगा लावायला तयार होता, माईक माझ्यासमोर धरला होता. पण अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं 'पोलिसांचं चुकलं' म्हणायला माझी जीभ वळेना. खात्याची इज्जत वगैरे कारणं मी मनातल्या मनात काढली. खरं कारण इज्जत माझी होती. "तेवढं पुरे," म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. सालदार हात जोडून उभा राहिला.

जमलेली माणसं दहा-बारा, आणि त्याला नेताना पाहिलेलं गाव आठशेचं. पाडव्याला सालदारांचे वर्षाचे करार ठरतात. त्या पाडव्याला त्याला कोणीच ठेवलं नाही, शेजारच्या गावातही नाही. 'ठाण्यात राहून आलेला' एवढंच जो तो म्हणे. पोलीस पाटलाने मला हे पुढे सांगितलं, तोवर नवरा-बायको घराला कुलूप लावून राजूरच्या खाणींकडे कामाला गेले होते. मी राजूरला दोनदा जाऊन विचारपूस केली. पत्ता लागला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? समोरचं माणूस नीट बघावं, आणि ज्याला ठाऊक असेल त्याला सरळ विचारावं. एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. न शिकलेली गोष्ट एकच. चूक जेवढ्या आवाजात केली, तेवढ्याच आवाजात ती कबूल करायची असते. त्या दिवशी माझ्यापुढे माईक होता.

नावं लिहिणार नाही म्हणालो आहे. पण त्या गावातलं कोणी हे वाचत असेल, तर त्याला शर्टावरून कळेलच. त्याने हे चार लोकांना मोठ्याने वाचून दाखवावं. त्या सालदाराने काहीही केलं नव्हतं. चूक माझी होती.