दम आणि दमा

आमच्या घरात खळ कायम तयार असायची. मैद्याची, पातेल्यात शिजवलेली, झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद टाकलेली. पप्पा ऑफिसातून आले की चहा पिऊन पत्रकं लिहायला बसायचे. जयंतीचं पत्रक, नळाला पाणी येत नाही त्याचं पत्रक, अंगात येणाऱ्या बाबाच्या विरोधातलं पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली आणि गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. त्या पत्रकांतला एक शब्द मला फार आवडायचा. विज्ञान. आमच्याकडे विज्ञान नेहमी आमच्या बाजूने उभं असायचं. समोरच्या बाजूला अंगारे, धुपारे आणि लबाडी. म्हणून ज्या माणसाने विज्ञान उचलून समोरच्या बाजूला नेऊन बसवलं, त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

माझी मोठी बहीण गोडदेव गावातल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायची. चढाई करायची. चढाईचा नियम सोपा आहे. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कोणाला तरी शिवायचं आणि तोच श्वास टिकवून परत यायचं. मधे श्वास घेतला की दम तुटला, आणि दम तुटला की बाद. म्हणजे चढाई करणारीची सगळी कमाई एका श्वासात असते आणि तो तिला कंजुषासारखा वापरावा लागतो. त्यांचे कोच गोडदेवचेच होते. मुली त्यांना दादा म्हणत. ते ओरडायचे, “श्वास काय पगार हाय काय गो, पयल्या तारखेला उडवायला? थोडा थोडा सोड.”

ताई घरी कपडे वाळत घालतानाही तोंडातल्या तोंडात दम धरायची. समोरच्या गुजराती काकींना ती कसला तरी जप करते असं वाटायचं. “बेटी, कौनसे भगवान का है?” त्यांनी एकदा गॅलरीतून विचारलं. ताईने दोरीवर चादर टाकली, पिना लावल्या, बादली उचलली आणि मग श्वास सोडून म्हणाली, “कबड्डीका है, काकी.”

त्या वर्षी ज्युनियर गटातलं तिचं शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर राज्य स्पर्धा. नाही आलं तर पुढच्या वर्षी वय उलटून जाणार आणि ज्युनियरचा विषयच संपणार. तिला दुसरं काही नको होतं.

नेमकं त्याच वर्षी निवडीत विज्ञान आलं. आमच्या भागातल्या एका क्लबने निवड शिबिर घेतलं आणि त्यासाठी एक सर आणले. त्यांच्याकडे लॅपटॉप होता, कॅमेरा होता, छातीला बांधायचे पट्टे होते आणि श्वास मोजायचं एक मशीन होतं. शिबिराचं गुळगुळीत हँडबिल घरोघर टाकलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: ‘वशिला नाही, विज्ञान’. पप्पांनी ते वाचून घडी करून खिशात ठेवलं. “चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. छापील मजकुराच्या बाबतीत त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मी पाहिली नव्हती. मीही खूश होते. वशिला आमच्याकडे नव्हताच. विज्ञानच यायला हवं होतं.

मोजणीच्या दिवशी मी ताईबरोबर मैदानावर गेले. एका शाळेच्या वर्गात टेबलावर मशीन मांडलं होतं. पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि फुंकायचं. सरांचं मराठी इंग्रजी शाळेतलं होतं. त्यांनी सगळ्या मुलींना एकदाच सांगितलं, “हे मशीन तुमचा दम मोजतं. ज्याच्यात जेवढा दम आहे तेवढा दाखवायचा. चला, नेक्स्ट.”

दम. बहुतेक त्यांनी फार विचार न करता तो शब्द वापरला. वर्गात दोन तऱ्हेच्या मुली होत्या. ज्या मागे राहून पकडी करायच्या, त्यांना दम धरायचं काम फारसं पडत नाही. त्यांनी नळी तोंडात घेतली आणि चुलीवर फुंकर मारतात तसा सगळा श्वास धाडकन सोडून दिला. चढाईच्या मुलींना मात्र वर्षानुवर्षं दम म्हणजे एकच गोष्ट शिकवली होती. त्यांनी श्वास घेतला आणि तो थेंबाथेंबाने सोडायला लागल्या. ताई सगळ्यांत शेवटी बसली. तिने नळी धरली आणि इतकं हळू, इतकं लांबवून सोडत राहिली की नळीतून बारीक ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येत होतं. मुली हसायला लागल्या. मशीन टुकटुक वाजलं. पडद्यावर एक पिवळी चौकट आली. सरांनी माउस फिरवून ती बंद केली. ताईने आणखी दोनदा तसंच केलं. परत टुकटुक, परत चौकट, परत माउस.

“झालं?” सर म्हणाले.

“अजून आहे, सर,” ताई चिमटा न काढता गेंगाण्या आवाजात म्हणाली. तिला वाटत होतं तिने सगळ्यांना मागे टाकलंय.

दुसऱ्या दिवशी दादांनी आकडे वाचून दाखवले. ताई तळाला होती. तिच्या वर दुसरी चढाईची मुलगी, तिच्या वर तिसरी. जितकी चढाई चांगली, तितका आकडा वाईट. सरांनी तो कागद उलटा धरला असता तरी अचूक निवड निघाली असती. दादांनी ताईला वर्षानुवर्षं खेळताना पाहिलं होतं. तरी ते सरांकडे न बघता, जमिनीकडे बघून म्हणाले, “मशीन बोलतं हिच्यान दम न्हाय. सर बोलतात, दमा असंल. डाक्टरला दाखवा.”

एक काना लागला आणि माझ्या बहिणीचा गुण आजार झाला. संध्याकाळपर्यंत मैदानावर तिचं नाव ‘दमेवाली’ पडलं होतं. पेणकरपाड्याची एक मुलगी, जिच्या घरी ताई कितीदा जेवली होती, तिला म्हणाली, “दमेवाली, लाइन नको ओलांडू, पंप लागेल.” ताई हसली. घरी आल्यावर तिने कपडे वाळत घातले तेव्हा तिच्या तोंडातून आवाज आला नाही. समोरच्या काकींनी विचारलं, “आज जाप बंद?” ताई आत निघून गेली.

मी एकटी सरांना भेटायला गेले. ते खुर्चीत बसून वडापाव खात होते.

“सर, ती मधेमधे पिवळी चौकट यायची, ती काय असते?”

“कसली चौकट?”

“तुम्ही बंद करत होता ती.”

“तू काय शिकतेस?”

“बारावी.”

“सायन्स?”

“आर्ट्स.”

ते पावाचा घास गिळून हसले. “मग?” म्हणाले आणि चटणीची पुडी उघडायला लागले.

तो ‘मग’ मी घरी घेऊन आले. मला तो आजही ऐकू येतो, मिरचीच्या वासासकट. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाला याच एका शब्दाने गाडायचं.

पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “आधी समोरच्याचं पत्रक नीट वाच. मग उत्तर दे.” समोरच्याचं पत्रक म्हणजे ते मशीन. दादांनी दाखवा म्हटलंच होतं, म्हणून मी आणि आई ताईला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांच्याकडेही तसंच मशीन होतं, तशीच नळी. ताईने पुन्हा आपला जुना हिशेब लावला, हळूहळू सोडायला लागली. टुकटुक झालं. पिवळी चौकट आली. डॉक्टरांनी ती बंद केली नाही. ती वाचली.

“अगं, वाचवतेस कोणासाठी?” ते म्हणाले. “मशीन म्हणतंय, सुरुवात हळू झाली, चाचणी धरू नका, परत घ्या. एकदम फेकायचा श्वास. शिवी दिल्यासारखा.”

ताईने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “दे.” ताईने नळीत शिवी दिली. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली आणि डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. “हिला दमा? ही उद्या माझा दवाखाना उडवेल.”

म्हणजे मशीन खोटं बोललंच नव्हतं. ते बिचारं पहिल्यापासून ओरडून सांगत होतं की हे धरू नका. विज्ञान आमच्याच बाजूने होतं. त्याचं तोंड दाबून धरणारा एक माणूस मधे बसला होता, आणि त्याच्या हातात माउस होता. बाबाच्या अंगात येतं तेव्हा देवाला काय म्हणायचंय ते बाबाच सांगतो. इथे आकडा सरांच्या अंगात आला होता.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी कार्यक्रम होता. क्लबचे अध्यक्ष येणार, मशीनचं प्रात्यक्षिक होणार आणि मग संघ जाहीर होणार. मी पत्रक लिहिलं. पप्पांनी त्यातली विशेषणं खोडली. ‘नराधम’ खोडलं तेव्हा मी भांडले. ते म्हणाले, “विशेषणाला तो उत्तर देईल. चौकटीला देऊ शकणार नाही.” राहिलं ते एवढंच: मशीन तीनदा म्हणालं, चाचणी चुकली. सरांनी तीनदा त्याचं तोंड बंद केलं. आमची एकच मागणी, सर्वांसमोर चाचणी परत घ्या. आणि खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, एकच शब्द: मग?

मराठीत खळ म्हणजे चिकटवायची आणि खळ म्हणजे दुष्ट. त्या सकाळी मी एकीने दुसऱ्याचं नाव चिकटवत मैदानाची भिंत, पाण्याची टाकी आणि सरांच्या गाडीची काच भरून टाकली. उरलेली पत्रकं कार्यक्रमाला आलेल्या गोडदेवच्या बायकांच्या हातात दिली. अध्यक्षांच्या हातातही एक पडलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. माइक सुरूच होता.

“घ्या की परत,” ते सरांना म्हणाले. “दोन मिनिटांचं काम.”

“साहेब, ऐसे नहीं होता. प्रोटोकॉल असतो.”

“मशीन चालू आहे ना? प्रात्यक्षिक करायचंच आहे. हिच्यावर करा.”

ताई पुढे आली. नाकाला चिमटा लावला. सर तिच्याकडे बघत नव्हते. तिने श्वास घेतला आणि सोडला तो सगळाच्या सगळा, दमेवाली म्हणणाऱ्यांवर, आमच्यावर, मैदानावर. या वेळी टुकटुक झालं नाही. पडद्यावरची रेघ वर गेली. सरांना आकडा माइकवर वाचावा लागला. पेणकरपाड्याची मुलगी मान खाली घालून बुटाची नाडी बांधायला लागली. ती सुटलेली नव्हती.

मला एवढ्यावर समाधान नव्हतं. पण माझ्याआधी ताईच बोलली. ती सहसा बोलत नाही.

“सर, आता आमच्या मशीनवर तुम्ही.” तिने मधल्या रेषेकडे बोट केलं.

सर हसले. लोक हसले नाहीत. अध्यक्षांनी खुर्ची वळवून घेतली. सरांना बूट काढून मातीत यावं लागलं. त्यांनी मोठा श्वास घेतला, ‘कबड्डी’ म्हटलं, रेषा ओलांडली, आणखी काही वेळा म्हटलं, आणि माइक जवळच होता, म्हणून सगळ्या मैदानाने ऐकलं: त्यांनी हुस्स करून श्वास घेतला. समोर कोणी पकडायलाही उभं नव्हतं.

“तुटला गो, तुटला,” मागच्या रांगेतली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, दुधात माशी पडल्याचं सांगावं तसं.

सर दादांकडे बघू लागले. दादांनी इतके दिवस जमिनीकडेच पाहिलं होतं. त्यांनी मान वर केली, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि हात वर केला. बाद.

ताईचं नाव संघात आलं. घरी जाताना सरांनी तिला गाठलं. पुढच्या हँडबिलावर तिचा फोटो हवा होता, मशीनबरोबर, ‘विज्ञानाने शोधलेली खेळाडू’ म्हणून. ताई म्हणाली, “काढा की, सर. नळी तुमच्या तोंडात धरा, मी बाजूला उभी राहते.” तो फोटो निघाला नाही. ती राज्य स्पर्धेला गेली.

लोक मला म्हणतात, झालं ना तुझ्या मनासारखं, आता सोड. नाव मिळालं ते ताईला. बाकीच्या चढाईच्या मुलींची चाचणी कोणी परत घेतली नाही. अध्यक्षांना एका प्रात्यक्षिकात मजा आली, ती संपली. त्यांतल्या एकीने नंतर खेळच सोडला. सरांनी मीरा रोडला नवीन सेंटर काढलंय, काचेच्या दाराचं. आत आणखी मोठं मशीन आहे. बाहेर पाटी आहे: ‘वशिला नाही, विज्ञान’.

मी पहिल्या सुट्टीच्या दिवशी तिकडे गेले. काच गुळगुळीत आहे, खळ छान बसते. ते पत्रक खरवडतात. मी परत लावते. गेल्या खेपेला सर स्वतःच बाहेर आले, हातात ओलं फडकं होतं.

“किती दिवस चालणार हे?” त्यांनी विचारलं.

मी श्वास न सोडता पत्रकाचा शेवटचा कोपरा दाबून बसवला. मग म्हणाले, “सर, अजून आहे.”