सव्वापाचची गाडी

सुरुवातीलाच माफी मागतो. वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने आम्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगितले होते की, वर्ष संपता संपता धाकट्या विद्यार्थ्यांसाठी दहा मुद्द्यांत सल्ला लिहून द्या. अभ्यास कसा करावा, कोणत्या उपक्रमांत भाग घ्यावा, वगैरे. मी दोनदा लिहायला बसलो. पण सल्ला देणारा मी कोण? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही अडखळत चढलेलो. माझा स्वतःचा असा एकही मुद्दा निघेना. जे काही जवळ आहे ते कंडक्टरकाकांचे आहे. म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो. लेखाची सुरुवात अशी माफीने झालेली त्यांना मुळीच आवडणार नाही, हेही सांगून ठेवतो.

कंडक्टरकाकांना दारात उभा राहिलेला माणूस सहन होत नसे. त्यांची माझी ओळखच तशी झाली. लातूरला येण्याआधीचे माझे कॉलेज नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते. पहिल्याच दिवशी आमची गाडी उशिरा पोचली. मी वर्गाच्या दारात उभा राहिलो. सर फळ्यावर लिहीत होते. आत येऊ का असे विचारायचे होते, पण ते मराठीत विचारायचे की इंग्रजीत हे ठरत नव्हते. एवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "ओ पाव्हणे, दारात उभं राहू नका. आत सरका, आत जागा हाय." सगळा वर्ग हसला. सरांनी वळून पाहिले. शेवटच्या बाकावर पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ मांडीवर कातडी पिशवी घेऊन बसला होता आणि माझ्यासाठी सरकून जागा करत होता.

तीस वर्षे एसटीत कंडक्टर म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते आणि त्याच वर्षी त्यांनी बी.ए.ला प्रवेश घेतला होता. ऑफिसातल्या क्लार्कने त्यांना समजावले होते, "काका, या वयात कशाला पोरांत बसता? बाहेरून फॉर्म भरा की." काका म्हणाले होते, "बारावी बाहेरूनच केली साहेब. आता आतून करायची हाय." मी एकदा कारण विचारले, तेव्हा पिशवीचा बंद नीट करत ते म्हणाले, "तीस वर्षं तुमच्यासारख्या पोरांना कॉलेजच्या गेटसमोर उतरवलं. बेल मारली की गाडी पुढं. आत काय चालतं ते कधी बघितलंच न्हाई."

त्या पिशवीत आता वह्या असत आणि वह्यांच्या खाली जुना तिकीट पंच. तिकिटाची मशीन आल्यापासून त्याचा काही उपयोग उरला नव्हता. पण एखादा मुद्दा पटला की काका तो बाकाच्या कडेवर दोनदा टकटक वाजवत. इतिहासाच्या सरांना आधी त्याचा राग येई. पुढे पुढे त्यांनाही सवय झाली. टकटक ऐकू आली नाही, तर ते तोच भाग पुन्हा समजावून सांगत.

मी आणि माझ्यासारखी तीसेक मुले-मुली रोज इस्लापूरच्या गाडीने अपडाऊन करत होतो. सकाळी साडेनऊला येणारी गाडी आणि संध्याकाळी सव्वापाचची शेवटची गाडी. कॉलेजातले जे काही अभ्यासाबाहेरचे असते ते तास संपल्यावर, म्हणजे पाच वाजता सुरू होई. नाटकाची तालीम, वक्तृत्वाचा सराव, खो-खो. सूचना फलकावर शेवटची ओळ ठरलेली असे, 'अपडाऊन करणाऱ्यांनी नावे देऊ नयेत.' ती ओळ मी पहिले वर्षभर वाचली आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही. पावसात भिजायला होते, तसेच हे असणार असे मी धरून चाललो होतो.

काका राहायला तालुक्यातच होते, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या गॅदरिंगला ते शेवटपर्यंत थांबले. तिथे निनावी चिठ्ठ्यांतून टोमणे वाचून दाखवतात, त्याला आम्ही शेलापागोटे म्हणतो. काकांच्या नावाने चिठ्ठी निघाली, 'अर्ध्या तिकिटाचा पूर्ण विद्यार्थी.' काका स्टेजवर गेले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "अर्धं तिकीट पासष्टीला मिळतं. मला साठबी न्हाईत. लिहिणाऱ्यानं आधी नियम वाचावा." म्हणे हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. मी 'म्हणे' लिहितो, कारण मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बसस्टँडवर आमची गाडी यायची वाट पाहत उभे होते. आम्ही उतरलो तर म्हणाले, "काल स्टेजवरून तुम्हाला हुडकलं. एकबी न्हवता. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आणि माझ्या फजितीला एकबी न्हाई. हे बराबर न्हाई."

त्या दिवसापासून त्यांचे अर्ज सुरू झाले. शेवटची गाडी सव्वापाचऐवजी पावणेसातला सोडावी, असा अर्ज ते दर महिन्याच्या एक तारखेला स्टँडवरच्या नियंत्रकाच्या खिडकीत देत आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेत. "पोच घेतल्याबिगर अर्ज म्हणजे नुसता कागुद," असे ते म्हणत. नियंत्रक त्यांचाच जुना सहकारी होता. तो हसून म्हणे, "मास्तर, आता तरी आराम करा. टाइमटेबल वरून येतं." काका म्हणत, "हाव ना. मग हे वर पाठव. आधी शिक्का मार."

माझी सवय वेगळी होती. मला कोणाचा धक्का लागला तरी मीच सॉरी म्हणत असे. काकांना त्याचा संताप येई. एकदा त्यांनी मला थांबवून विचारले, "काय चुकलं तुझं?" मी म्हणालो, "काही नाही." "मग माफी कशाची? चूक झाली असंल तर माफी. चूक नसंल तर अर्ज. ह्या दोन्हीत घोळ करायचा न्हाई."

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगची यादी लागली तेव्हा काकांनी आम्हाला न विचारता अपडाऊनवाल्यांची नाटिका म्हणून नाव देऊन टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेखक साहेब, लिहा आता." मी वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहितो हे त्यांनी शेजारी बसून पाहिले होते. मी नाही नाही म्हणत आठ दिवसांत लिहून काढले. एसटीत एक मुलगी चढते, तिचा पेपर आहे, आणि तिला बसायला जागा का देता येत नाही याची प्रत्येक प्रवासी वेगवेगळी कारणे सांगतो. एवढेच. त्यातल्या मुलीचे काम सुषमाने घेतले. ती आमच्या शेजारच्या वाडीची. तिच्या घरून अट होती, काय करायचे ते कर, पण सव्वापाचच्या गाडीत दिसली पाहिजेस. काकांना आम्ही कंडक्टरचे काम देऊ केले. ते म्हणाले, "ते तीस वर्षं केलं. मला प्याशिंजर करा. झोपलेला."

तालीम कुठे करायची? काकांनी जागा काढली, बसस्टँड. साडेनऊला गाडी येई, तास अकराला. मधला दीड तास चार नंबरच्या फलाटावर आमचा. भोवती खरे प्रवासी बसलेले असत. ते मध्येच बोलत, सूचना करत. बाजाराला येणारी एक म्हातारी आम्हाला पाहिले की रोज एकच विचारी, "त्या लेकराला जागा भेटली का रे आज?" सुषमा म्हणायची, "न्हाई आज्जी, अजून उभीच हाय." म्हातारी आमच्याकडे असे पाही की, नाटिकेचा शेवट मी दोनदा बदलला.

गॅदरिंगचे उद्घाटन दुपारी एकला होते. आमचा क्रमांक अकरावा. साडेचार वाजले तरी प्रमुख पाहुणे आलेच नव्हते. हॉल भरलेला, समई तेल घालून तयार, आणि स्टेज रिकामे. सुषमाने तीनदा घड्याळ पाहिले आणि मग पाहायचे बंद केले. मी पडद्यामागे कागद धरून उभा होतो. माझे काहीतरी पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होते आणि ते येणार नाही, हे मला कळून चुकले होते. खरे सांगायचे तर मी मनातल्या मनात घरी निघालोही होतो. काका स्नेहसंमेलन प्रमुख सरांकडे गेले. सर म्हणाले, "उद्घाटनाआधी कार्यक्रम होत नसतो." काका म्हणाले, "मग या पोरांचा कधीच व्हायचा न्हाई." सर म्हणाले, "त्याला इलाज नाही."

काका सरळ स्टेजवर चढले. खिशातून पंच काढून माईकच्या दांड्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "बसून घ्या मंडळी. पाहुण्यांची गाडी लेट हाय. तवर अकरा नंबरची सुटून राहिली." मग पडद्याकडे वळून मला म्हणाले, "दारात उभं राहू नका."

बावीस मिनिटे नाटिका झाली. लोक हसले. शेवटी सुषमाला जागा मिळाली तेव्हा मागच्या बाजूने कोणीतरी शिट्टी मारली. आम्ही धावत जाऊन सव्वापाचची गाडी पकडली. पाहुणे साडेपाचला आले असे नंतर कळले.

सोमवारी आम्हा सगळ्यांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावले, पालकांसह. टाइप केलेला माफीनामा तयार होता. सही केली नाही तर अंतर्गत गुणांचे पाहावे लागेल, असे सांगण्यात आले. माझे वडील त्या दिवशी पहिल्यांदा कॉलेजात आले. कॉलेज पाहायला त्यांना कधी सवड झाली नव्हती, आणि आले ते असे. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि केबिनच्या दारातच हात जोडून उभे राहिले. काका आत होते. ते म्हणाले, "दादा, चपला घाला आणि आत या. देऊळ न्हाई हे." वडील हलले नाहीत. तिथूनच मला म्हणाले, "कर बाबा सही." मी केली.

सुषमाने केली नाही. तिचे वडीलही उभेच होते, पण ती खाली मान घालून म्हणाली, "मी न्हाई करत." तिचे पुढे काहीही झाले नाही. तिचे गुण माझ्याहून दोन जास्तच आले. हे मला इथे लिहायलाच हवे.

काकांनी माफीनामा चष्मा लावून पूर्ण वाचला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिले, 'आपला कागद मिळाला. कोणती चूक झाली ते लेखी कळवावे, म्हणजे माफी मागता येईल.' खाली सही केली आणि कागद पुढे सरकवून म्हणाले, "ह्याची पोच पाहिजे." पोच मिळाली नाही. तिसऱ्या वर्षाला त्यांना प्रवेश देता येणार नाही, असे मात्र तोंडी कळवण्यात आले. दाखला घेताना वर्तणुकीच्या रकान्यात त्यांनी 'समाधानकारक' असे वाचले. म्हणाले, "माझं तर लई झालं समाधान. त्यांचं मालूम न्हाई."

शेवटच्या पेपरच्या दिवशी ते आम्हाला सोडायला स्टँडवर आले. मागच्या वर्षीही आले होते. सुट्टीला जाणाऱ्या पोरांना काहीतरी सांगायचे हा त्यांचा रिवाज. पहिल्या वर्षी म्हणाले होते, "गावात कोणी मार्क इचारले तर मार्क सांगा, पण संग हेबी सांगा की काय काय केलं. काही केलं नसंल तर पुढच्या साली करा, म्हणजे सांगायला राहील." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "येताना गल्लीतलं एखादं पोरगं, एखादी पोरगी गेटपर्यंत आणून सोडा. हात धरून आत नेऊ नका. नुसतं सांगा, जागा हाय."

गाडी लागली होती. मी मागे राहिलो आणि सहीबद्दल बोलायला लागलो. त्यांनी मला बोलू दिले नाही. "वडलांकडं बघून केली ना? मग ती घरासाठी केली. तिचं वझं बाळगू नको. पण पुढच्या बारीला आधी अर्ज कर. सही मागाहून बघू." मी गाडीत चढलो. वझे बाळगू नको म्हणाले तरी मी बाळगले. स्टँडवर येणाऱ्या काकांना तोंड दाखवायला नको म्हणून तिसरे वर्ष मी चार नंबरच्या फलाटाकडे न पाहता काढले. नंतर एम.ए.साठी लातूरला आलो. काकांनी दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतल्याचे आणि इंग्रजीचा एक पेपर राहिल्याचे उडत उडत कानावर आले. मी फोन केला नाही.

लातूरला माझ्या खोलीपासून कॉलेज चालत दहा मिनिटांवर आहे. पण इथल्या सूचना फलकावरही यंदा तीच ओळ दिसली, फक्त शब्द वेगळे होते. मी अर्ज केला. चौदा सह्या घेतल्या, पोच घेतली. ओळ अजून आहे. अर्जही आहे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे रोज गाडीने येतात, त्यांनी पंधरावी सही करायला यावे. दहा मुद्द्यांऐवजी माझ्याकडे हा एकच आहे.

लेख इथेच संपवणार होतो. पण परवा संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. यंदा ती त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. म्हणाली, "दादा, मी गॅदरिंगला नाव दिलं." मी विचारले, "अगं, पण सव्वापाचची गाडी?"

"सव्वापाच कुठली? सोमवारपासून पावणेसातला हाय. मुक्कामी गाडी. पहिल्या दिवशी तर गंमतच झाली. एक म्हातारे काका चढले, कातडी पिशवीवाले. कंडक्टरनं इचारलं कुठं जायचं, तर म्हणले, काम काही न्हाई, मुक्कामाला जाऊन सकाळी वापस येतो. आणि आम्ही दारात उभ्या होतो तर सारखं आपलं आत सरका, आत सरका, जागा हाय, म्हणून राहिले. शेवटी कंडक्टर बेजार झाला. म्हणला, काका, गाडी माझी हाय का तुमची?"

"मग?"

"ते म्हणले, गाडी तुमचीच हाय. पोच माझ्याकडं हाय." ती हसली, आणि मग तिने विचारले, "दादा, कसली पोच रे?"