डाळिंबी ठिपक्यांचं इंजिन

माफ केलं की माणसाला शांत झोप लागते, असं आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर सांगतात. मी तिथे परिचारिका आहे, त्यांचं ऐकून घेते. मला मात्र माफ न करताही छान झोप लागते, आणि ताईला तर माझ्याहून छान. तेव्हा ही हकिगत वाचून कुणी सुधारेल अशी आशा ठेवू नये.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, मी तिच्याकडेच राहते. घराखालच्या गॅरेजमध्ये ती मोटरसायकली दुरुस्त करते. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस करकचून बांधलेले. लग्न झालं तेव्हा तिला नट कुठला आणि बोल्ट कुठला हे कळत नव्हतं. मेव्हणे कारखान्यातून आले की खाली गॅरेजमध्ये उतरायचे. ही चहाचा कप घेऊन जायची आणि कप रिकामा झाला तरी वर यायची नाही. आधी पाने हातात द्यायला लागली, मग स्वतः आवळायला लागली. पुढे पुढे इंजिनाचा आवाज ऐकून दोघं वाद घालायची, आणि वादात बहुतेक वेळा हीच जिंकायची.

मेव्हणे हाताने पक्के, पण डोक्याने विसरभोळे. एकदा बोल्ट आवळायचा राहिला आणि भर रस्त्यात साखळीचं कव्हर गळून पडलं. त्यानंतर ताईने एक पद्धत पाडली. त्यांनी बोल्ट पूर्ण आवळला की तिने त्यावर आपल्या नेलपेंटचा ठिपका द्यायचा, अर्धा बोल्टवर आणि अर्धा शेजारच्या धातूवर. ठिपका तुटला की समजायचं, बोल्ट हलला. रंग ठरलेला, डाळिंबी. आतले बोल्ट, बाहेरचे बोल्ट, एकही सुटायचा नाही. "बायकोचा सगळा नट्टापट्टा इंजिनावर खर्च होतोय," असं मेव्हणे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

आता तिच्या दिराकडे येते. आम्ही दोघी त्याला टापटीप म्हणतो. शर्टाला कडक इस्त्री, बुटात तोंड दिसावं अशी चकाकी, बोलणं तर इतकं साळसूद की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. दोघा भावांनी एकाच वेळी, एकाच कंपनीची, एकाच रंगाची मोटरसायकल घेतली होती. मेव्हण्यांनी आपली लेकरासारखी सांभाळली. टापटीपने आपली रोज पुसली, पण आतलं ऑइल बदलायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मेव्हणे आजारी पडायच्या थोडं आधी त्यांनी आणि ताईने आपल्या गाडीचं इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. त्यांच्या हातचं ते सगळ्यात चांगलं काम होतं. मग मूत्रपिंडं गेली आणि ते अंथरुणाला खिळले. तेव्हा टापटीप आला आणि म्हणाला, "वहिनी, गाडी उभी राहिली तर जाम होईल. मी जरा चालवून ठेवतो." काही आठवड्यांनी त्याने ती परत आणली, धुऊन-पुसून चकचकीत. बाहेरच्या बोल्टांवरचे ठिपकेही पुसले गेले होते. आम्हाला वाटलं, घासताना गेले असतील. आम्ही त्याचे आभारही मानले.

त्यानंतर गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. निळा धूर सोडायची, चढ आला की दम टाकायची. एकदा मेव्हण्यांना दवाखान्यात आणताना ती वाटेत बंद पडली. ते मागे बसलेले, पाय सुजलेले, आणि ताई भर उन्हात गाडी ढकलतेय. मी दवाखान्याच्या दारात उभी होते, मला ते लांबून दिसलं.

मेव्हणे खिडकीपाशी पडून आपल्या गाडीचा आवाज ऐकायचे. ताई घरी आली की विचारायचे, "खडखड कसली गं? मी तर सगळं नवं टाकलं होतं." मग स्वतःचेच हात उलटसुलट करून बघायचे. म्हणायचे, "हात गेला माझा. आयुष्यभर एकच गोष्ट येत होती, तीही गेली." पलंगाच्या कडेवर टापटीप बसलेला असायचा. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "चालायचंच दादा. आजारपणात होतं असं." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. असंच मानून मेव्हणे गेले.

ताईने गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात लावली आणि वर ताडपत्री टाकली. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून तिने घर चालवलं, पण स्वतःची गाडी उघडली नाही. नवऱ्याच्या हातचं बिघडलेलं काम तिला बघायचं नव्हतं.

दोनएक वर्षांनी टापटीप आपली मोटरसायकल घेऊन आला. क्लच घसरत होता. घरची वहिनी असताना बाहेर कशाला जायचं, हा त्याचा हिशोब. वर ऐटीत म्हणाला, "फक्त क्लच प्लेटा बदला वहिनी. इंजिनाला हात लावू नका, एक नंबर आहे." आणि कामानिमित्त परगावी निघून गेला. त्याच्या डोक्यात वहिनी अजूनही पाने हातात देणारीच होती. ठिपके कोण द्यायचं, कुठे कुठे द्यायचं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

ताईने ऑइल काढलं, क्लचचं कव्हर उघडलं आणि मला हाक मारली. मी खाली गेले तर ती बाजूच्या स्टुलावर बसली होती. आत, बाहेरच्या फडक्याला कधी सापडलेच नसते अशा जागी, प्रत्येक बोल्टवर डाळिंबी ठिपका होता. ऑइलने काळपटलेला, पण तिच्याच हातचा.

"हे आमचं इंजिन आहे," ती म्हणाली.

मग तिने ताडपत्री ओढली, दोन्ही इंजिनांवर कोरलेले नंबर फडक्याने स्वच्छ केले आणि आपल्या गाडीच्या कागदांशी ताडून बघितले. शंका उरली नाही. टापटीपने दादाचं नवं इंजिन स्वतःच्या गाडीत बसवून घेतलं होतं आणि आपलं झिजलेलं भंगार त्यांच्या गळ्यात मारलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याला फोन लाव, चारचौघांत सोलून काढू. ताई म्हणाली, "फोन नको. दहाचा पाना दे."

दोन गाड्यांची इंजिनं बाहेर काढायची म्हणजे पहिलवानाचं काम. आम्ही दोन बायका. पण ताईची रीत वेगळी आहे, ती इंजिन उचलतच नाही. कार्बोरेटर, सायलेन्सर, साखळी, वायरी सगळं सोडवायचं, जमिनीवर जुनी गादी अंथरायची, गाडी तिच्यावर आडवी निजवायची, बोल्ट काढायचे आणि इंजिन गादीवरच ठेवून वरचा सांगाडा उचलून घ्यायचा. बाळाच्या अंगातून झबलं काढावं तसं. बसवताना हेच उलटं. दिवसभर आम्ही तेच करत होतो. माझे हात भरून आले, पण एकदाही थांबूया म्हणाले नाही. रागात माणसाला किती बळ येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

काम क्लच प्लेटांचं सांगितलं होतं, तेही तिने चोख केलं. नव्या प्लेटा घातल्या, त्याच्याच भंगारात. मग गाडी धुतली, पुसली, चकचकीत केली. ही रीत आम्ही त्याच्याकडूनच शिकलो होतो.

टापटीप आला, खूश होऊन गाडी घेऊन गेला. आठवडाही गेला नसेल, तोंड वाकडं करून परत आला.

"वहिनी, धूर येतोय हो."

"कसला धूर?" ताईने विचारलं.

"निळा."

"आणखी काय होतं?"

"चढावर दम लागतो तिला."

"आवाज?"

तो घुटमळला. "खडखड."

"नीट सांगा, कशी खडखड?"

त्याने सांगितलं. त्यानंतर तो येतच राहिला, आणि ती प्रत्येक वेळी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावायची, एखादा बोल्ट आवळायची आणि परत पाठवायची. गाडी दुसरीकडे दाखवावी, तर दुसरा मेकॅनिक अख्खं इंजिन नव्याने बांधायला सांगणार, म्हणजे मोठा खर्च. विकावी, तर असला धूर बघून घेणार कोण; तक्रार करावी, तर आतलं इंजिन त्याच्याच कागदांवरच्या नंबरचं, असा तो चारी बाजूंनी अडकला होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि आम्हाला कळलंय हेही कळलं होतं. पण तोंड उघडलं की चोरी कबूल. इस्त्रीच्या शर्टाला धुराचा वास यायला लागला. त्याची ती दशा बघून मला इतकं बरं वाटायचं की त्याच्या यायच्या वेळी मी मुद्दाम खाली जाऊन बसायचे.

शेवटी एकदा तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. दादा आता गाडी थोडीच चालवणार, असं वाटलं. आता माझं इंजिन मला द्या."

"तुमचं?"

"तेच... जे माझ्या गाडीत होतं ते."

ताईने फडक्याला हात पुसले. "देते. पण आधी आईंना सांगा, माझ्यासमोर. त्यांनाही वाटतं, त्यांच्या मुलाचा हात गेला होता."

सासूबाई टापटीपकडेच राहतात. आम्ही तिघं गेलो. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, थोडं गोड करून, पण सांगितलं. म्हातारीने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? ज्याला सांगायचं तो ऐकत पडला होता, तेव्हा तुझं तोंड कुणी शिवलं होतं?" आणि भिंतीकडे तोंड करून निजली. पण त्याच संध्याकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिने ही गोष्ट सांगितली. शेजारणींना, नातेवाइकांना, आमच्याही गल्लीत दूध घालणाऱ्या दूधवाल्याला सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टापटीप गॅरेजच्या दारात हजर. "मी माझं केलं वहिनी. आता तुमचं."

"इंजिन मिळणार नाही," ताई म्हणाली.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. खोटा दिला होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही होतात ना समोर? सांगा की यांना."

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं. इतकं गोड खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तो रडकुंडीला आला होता. ताई त्याच्याकडे न बघता आपल्या गाडीचे बाहेरचे बोल्ट एकेक करून रंगवत होती. अखेर त्याने किक मारली, पुन्हा मारली, पुष्कळदा मारली, तेव्हा कुठे गाडी खोकत सुरू झाली. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती, आणि आता त्या धुराचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

ताईच्या हातातला ब्रश थांबला. ती खडखड पार वळणापलीकडे विरेपर्यंत ती ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा होता.

"ऐकलंस? हे यांच्या हातचं काम नाहीच."