केडगावातला नॉर्वेचा दरबार

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं दर शुक्रवारी एका खोलीत बसली, की ते आपोआप साचतात. मग एक सांगायला जावं, तर बाकीचे म्हणतात, "तो नको, तो दुसरा सांगा."

आमची खोली केडगावच्या वाचनालयामागची. मी तिथली ग्रंथपाल. भापकर सर निवृत्त इतिहासशिक्षक. शेखभाईंचं वेल्डिंगचं वर्कशॉप. आणि बाप्पू, म्हणजे सरांचे कर्जतच्या शाळेतले विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा. दर शुक्रवारी एसटीनं यायचे. गेल्या दिवाळीत सरांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, पण वाचा गेली. सर पुन्हा बोलतील का, याखेरीज आम्हा तिघांना दुसरं काही सुचेना. ते गप्प झाले तेव्हा कळलं, त्यांनी आम्हाला किती दिलं होतं ते.

*

सुरुवात झाली देणगीत आलेल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकानं. त्यात जुन्या नॉर्वेच्या राजांचे दरबार होते आणि आइसलंडहून जहाजानं येऊन तिथं तोंडपाठ गोष्टी सांगणारे कथेकरी. सर घरून वाचून यायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे, तेही पुस्तक न उघडता.

पहिल्याच शुक्रवारी म्हणाले, "तिकडे हिवाळ्यात दिवस अगदी लहान. सगळा अंधार. मग राजवाड्यात लोक गोष्टी ऐकत बसायचे."

बाप्पू म्हणाले, "मंजी लोडशेडिंगच की. आमी पन तेच करतो."

*

चांगली गोष्ट ऐकली, की राजा हातातलं सोन्याचं कडं काढून सांगणाऱ्याला द्यायचा. हे ऐकून शेखभाई इतके खूश झाले, की त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सरांच्या हातात ठेवलं. सर नको नको म्हणत राहिले. शेखभाई ऐकेनात.

पुढच्या शुक्रवारी शेखभाई पाऊण तास उशिरा उगवले. सरांनी विचारलं, "काय हो, इतका उशीर?"

"टाइम तुमच्याकडं हाय ना, सर."

*

तिथले कवी राजाची स्तुती राजाच्या तोंडावर करत, पण त्यानं खरोखर केलेल्या कामाचीच. "न केलेल्या कामाची स्तुती केली, तर ती भर दरबारातली थट्टा," सर म्हणाले. "कारण खरं काय ते राजालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यांनाही."

बाप्पूंनी हे फारच मनावर घेतलं. त्याच आठवड्यात त्यांच्या गावात सोसायटीच्या चेअरमनचा सत्कार होता आणि भाषण बाप्पूंकडे. हार झाले, शाल झाली. बाप्पू उठले, माईक धरला आणि म्हणाले, "चेअरमनसाहेबांनी पाच वर्षांत दारापुढं एक कडुलिंब लावला. त्यो जगलाय." आणि खाली बसले.

चेअरमन महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस सकाळीच बाप्पूंच्या दारात हजर. "आज आनखी धा झाडं लावली, बाप्पू. मोजून घ्या."

*

सगळ्यांनी पाळीपाळीनं तोंडपाठ गोष्ट सांगायची, असं ठरलं. माझी पाळी आली तेव्हा मी चोरून वही नेली होती. सरांनी ती शांतपणे मिटून बाजूला ठेवली. झालं, माझी दांडी गुल. घाबरून मी नॉर्वेच्या राजाला जेवणात आमरस वाढला.

"बर्फात आंबा?" बाप्पूंनी विचारलं.

शेखभाई माझ्या मदतीला धावले. "कलमी असंल."

सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "चुकलेलं तिथल्या तिथं अडवायचं. सांगणारा कितीही मोठा असो. ऐकणारे जागे असले, तरच गोष्ट टिकते." त्या दिवसानंतर मी कुठंही बोलायला घाबरले नाही. हे सरांचं देणं आहे.

*

झटक्यानंतर आमचा दरबार सरांच्या घरी भरायला लागला. सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, डॉक्टर म्हणाले होते, सरांशी बोलत राहा. मग आम्ही ठरवलं, आता सरांचीच गोष्ट सरांसमोर सांगायची. शेखभाईंनी सांगितलं, की त्यांची मुलगी दहावीत इतिहासात नापास झाली, तेव्हा सर महिनाभर रोज वर्कशॉपमध्ये येऊन तिला शिकवत होते. मी वहीची गोष्ट सांगितली. सर ऐकायचे, डोळे भरून यायचे, ओठ हलायचे, आवाज मात्र फुटायचा नाही. असे कितीतरी शुक्रवार गेले. काकू दर वेळी चहा आणून दारातच उभ्या राहायच्या.

मग एका शुक्रवारी बाप्पूंची पाळी आली. त्यांनी खुर्ची सरांच्या अगदी पुढ्यात ओढली आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "आमचे भापकर सर मंजी देवमानूस. सगळ्या नोकरीत त्यांनी एका बी पोराला छडी मारली न्हाई."

मी आणि शेखभाईंनी एकमेकांकडे बघितलं. सरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान हलवली. बाप्पू थांबले नाहीत. "कदीच न्हाई. आवाज सुदिक चढवला न्हाई."

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मान थरथरली. ओठ दोनदा जुळले, सुटले.

"मा... मारली."

काकू चहाचा ट्रे दारातच खाली ठेवून पुढे आल्या. बाप्पूंनी विचारलं, "कोनाला, सर?"

"तु... ला."

"कितींदा?"

"दो... न."

बाप्पूंनी दोन्ही हातांनी डोळे पुसले, उजवा तळहात सरांपुढे धरला आणि म्हणाले, "चुकलं, सर. तीनदा."

"दोन," सर म्हणाले, आणि या वेळी अडखळले नाहीत.