दारातला तांब्या

त्या दुष्काळात सहकारी साखर कारखान्यानं सिरसाळ्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली होती. वडील दिवसभर तिथं आमच्या बैलांपाशी असायचे. त्यांना शुगर होती. बाहेरून आलं की दारातच पाय धुवायचे, ही घरची रीत. पण टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, म्हणून आम्ही शहाण्यांनी ती बंद केली.

एका संध्याकाळी वडील दारात चपला काढायला लागले, तर एक निघेचना. "पट्टा लई घट्ट बसलाय," म्हणत ते हसले. आईनं खाली बसून पाहिलं. बाभळीच्या काट्यानं चप्पल तळव्याला खिळवली होती. रक्त कधीच वाळलं होतं. तसेच ते छावणीपासून चालत आले होते, आणि त्यांना काहीच दुखत नव्हतं.

डॉक्टरांनी पाय वाचवला. तेव्हापासून, प्यायला कमी पडलं तरी दारात भरला तांब्या असायचा. आई रोज त्यांचे पाय धुवायची, पुसायची, बोटांच्या बेचक्यांत बघायची.

एकदा वडील डोळे मिटून बसले होते. दोन्ही पाय आईच्या हातात होते.

"काहून थांबलीस?" ते म्हणाले. "धर की पाय."