दुसरी सही

वकिलांच्या त्या पेढीत एक जुना नियम होता. कुठलाही कागद दोघांनी ताडल्याशिवाय बाहेर जायचा नाही. एकाने मूळ मसुदा मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्याने टाइप केलेल्या प्रतीवर पेन्सिल फिरवायची. शेवटी तळाशी दोघांच्या छोट्या सह्या. वाचायला पेढीतल्या कारकून बाई आणि पेन्सिल धरायला हेडक्लार्क, अशी जोडी बावीस वर्षं जमलेली. दिवसभर आवाज बाहेर ऐकू येई, म्हणून त्या खोलीचं नाव पडलं रेडिओ स्टेशन.

"हेडसाहेब, आज बातम्या की गाणी?" टायपिस्ट जाता-येता डोकावायचा.

"तुझ्या चुकांची यादी," बाई म्हणायच्या. "लांबलचक आहे, खुर्ची घेऊन ये."

हेडक्लार्क कॉमर्सचा पदवीधर, तक्त्यांत रमणारा माणूस. वारं कुठे वाहतंय हे त्याने वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवरूनच ओळखलं होतं. शहरातल्या पेढ्यांना पूर्वी कारकून हवे असत, आता संगणकावर देखरेख करणारे हवे होते. गेल्या वर्षी थोरल्या वकिलांनी त्याला आत बोलावलं.

"तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. तोवर तुम्हाला कोणी हात लावणार नाही. फक्त बाई चुका कशा पकडतात, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. संगणकाला शिकवायचंय."

बाहेर येऊन तो बाईंना म्हणाला, "नवीन मुलांसाठी एक वही करायची आहे."

बाईंनी जीव ओतून लिहिली. पान उलटताना पक्षकाराचा पत्ता कसा बदलतो, जुन्या करारातलं कलम नव्यात कुठे चिकटून येतं, सगळं. एकशे चाळीस पानं. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'हेडसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली'. ती ओळ वाचताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी वही त्याने आत नेऊन दिलीच.

आणि या बुधवारी ताडायला अकरा पत्रं आली, थोरल्या वकिलांनी स्वतःच आत बसून टाइप केलेली. कामावरून कमी केल्याची. तिसरं टायपिस्टचं, सातवं बाईंचं. त्याने दार लावून घेतलं, पत्रं मनातल्या मनात वाचली आणि प्रत्येकाखाली दोन्ही सह्या स्वतःच ठोकल्या. पाठवायच्या पत्रांची नोंद बाईच करतात, हे त्या गडबडीत त्याच्या डोक्यातूनच गेलं.

तासाभरात बाई गठ्ठा घेऊन दारात उभ्या. सवयीप्रमाणे त्यांनी आधी फक्त तळ पाहिला होता.

"माझ्या सहीला शेपूट नसतं, हेडसाहेब. ही कोणी केली?"

त्याने मसुदे फायलीखाली सरकवले.

"तुम्ही? एकट्याने ताडलंत?" त्या समोर बसल्या. "द्या मसुदे. वाचते."

"बाई, राहू द्या ना."

"वा! नियम तुम्हीच शिकवलात की मला."

पहिल्या पत्रातच त्यांना सगळं कळलं, पण त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्याला आवाज किंचित चिरकला. सातव्याला मात्र अगदी सरळ. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, रुजू झाल्याची तारीख वाचली, आणि त्याची पेन्सिल अडली.

"काय झालं?"

"वर्ष चुकलंय. प्रतीत एक वर्ष पुढचं पडलंय."

"सकाळी नाही दिसलं?"

"नाही."

"बरं. करा खूण." त्या पुढे वाचू लागल्या. "आपण तयार केलेल्या वहीच्या आधारे, स्वल्पविराम, ताडणीचे काम यापुढे संगणकावर होईल, पूर्णविराम."

बाईंनी चष्मा काढला.

"नवीन मुलं ती हीच का, हेडसाहेब?"

मलाही आत्ताच कळलं, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. बाईंनी विश्वासही ठेवला असता.

"हो," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बाईंनी त्याच्या हातातून प्रत ओढली, शेपटाची सही एका रेघेने खोडली आणि शेजारी आपली केली. मग उरलेले मसुदे त्याच्याकडे सरकवले.

"आठवं तुम्ही वाचा. माझा घसा बसलाय."

त्याने वाचायला घेतलं. दारावरून टायपिस्ट चालला होता. "अरे वा, आज हेडसाहेबांचं गाणं!"

बाईंनी वर पाहिलं नाही. त्याला तर पाहणं शक्यच नव्हतं. स्वल्पविराम, तो म्हणाला, आणि पुढची ओळ शोधू लागला.