वडिलांना मी पाजलेली दारू

माझे वडील दारू पीत नाहीत. रबाळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथल्या पार्ट्यांनाही ते लिंबू सरबताचा ग्लास धरून बसत. हे आधीच सांगते, कारण मी एकदा याच्या बरोबर उलट लिहिलं, आणि ज्यांनी ते वाचलं त्यांना अजून खरं काय ते सांगितलेलं नाही.

तेव्हा मला लेखिका व्हायचं होतं. कोपरखैरण्यात आमच्या मागच्या सोसायटीत मराठीच्या एक निवृत्त बाई राहतात. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे आत्मकथनं वाचायला जायचे. बाईंची रीत छळवादी होती. दोन तासांत फार तर चार पानं. लेखक जिथे स्वतःची बाजू घेतोय किंवा काही लपवतोय असं वाटेल, तिथे समासात पेन्सिलीने रेघ मारायची आणि का मारली ते सांगायचं. मी भराभर वाचू लागले की म्हणायच्या, "घाई काय आहे? गाडी सुटतेय का तुझी?" वर्षभरात मी रेघा मारण्यात तरबेज झाले. दुसऱ्यांच्या पुस्तकांत, अर्थात.

मग बाई म्हणाल्या, आता स्वतःचं लिही. मी वडिलांवर लिहिलं. सेकंड शिफ्ट करून आलेले असले तरी सकाळी उठून आम्हा बहिणींचे युनिफॉर्म इस्त्री करायचे, वगैरे. बाईंनी वाचलं, "छान आहे" म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. ते "छान" मला भलतंच झोंबलं. आम्ही वाचलेल्या पुस्तकांत बाप दारू प्यायचे, पोरं उपाशी झोपायची आणि वाचताना बाईंचे डोळे भरून यायचे. आमच्या घरात रडण्यासारखं काही घडलंच नाही, याचा मला चक्क राग आला.

पुढच्या रविवारी मी वडिलांना दारू पाजली. गुत्त्यावरून झोकांड्या खात घरी आणलं, जिन्यात पाडलं, आईवर हात उगारायला लावला आणि शेवटी दारू सोडायलाही लावली. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि समासात लिहिलं, 'याला धाडस लागतं.' मी मान खाली घातली. बाईंना तो संकोच वाटला असणार. मी खूश झाले होते.

महिन्याभराने वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाई न सांगता भेटायला आल्या. आई भाजीला गेली होती. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तर बाई वडिलांना म्हणत होत्या, "तुमचं कौतुक वाटतं हो. दारू सुटणं सोपं नसतं. मुलीनं लिहिलंय सगळं, पण मनात अढी नाही तिच्या."

वडिलांनी काळा चष्मा माझ्या दिशेने वळवला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बश्या टीपॉयवर नीट मांडत राहिले.

"हां," वडील म्हणाले. "सुटली. हिच्या आईमुळं."

बाईंनी त्यांना हात जोडले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाई गेल्यावर वडील बराच वेळ पोहे चिवडत बसले. मग म्हणाले, "अजून काय काय केलंय मी त्यात? परत आल्या तर मला माहीत पायजे ना."

"पप्पा, सॉरी."

"सॉरी राहू दे. वाच."

डॉक्टरांनी त्यांना वाचायची मनाई केली होती, म्हणून मलाच वाचावं लागलं. माझंच लिखाण, मोठ्याने, त्यांच्यासमोर. गुत्ता वाचला, जिन्यात पडणं वाचलं. आईवर हात उगारल्याची ओळ आली आणि मी थांबले.

"का गं? संपलं?"

मी तीही ओळ वाचली. वडिलांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"आई यायच्या आत ते कागद आत ठेव," ते म्हणाले. "तिला नाही सहन व्हायचं."